माणसं किती आणि वाटे किती?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, एका वर्गात मुलगे आणि मुली यांचं प्रमाण ३ : २ आहे. पुढे तीन मुली नव्यानं दाखल झाल्या आणि प्रमाण ९ : ७ झालं. तर वर्गात आधी मुलगे किती होते आणि मुली किती?

असं गणित कानावर पडलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो. शाळा सुटून चाळीस वर्षं झाली तरी येतो. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, त्यातून कवितेच्या नादी लागलेला. गणित शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण या जातीच्या गणितांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतसं एक लक्षात आलं. ही गणितं मुलांना छळण्यासाठी कुणा मास्तरांनी रचलेली नाहीत. माणसांचा गट वाढतो, घटतो. नवा हक्कदार येतो, जुना जातो. अशा वेळी कुणाच्या पदरात किती पडावं, हे भांडणाशिवाय ठरावं म्हणून ही गणितं जन्माला आली. त्यांच्या मागे भाकरी आहे, जमीन आहे, विधवा आणि पोरकी मुलं आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी वर्गाचं गणित सोडवून टाकू, म्हणजे जीव शांत होईल. शाळेत आपण लगेच 'समजा क्ष' म्हणून सुरुवात करतो. तसं न करता एक प्रश्न विचारू : या सगळ्या घडामोडीत बदललं काय नाही? मुली आल्या, वर्ग वाढला, प्रमाण बदललं. मुलगे मात्र होते तेवढेच राहिले. आधी त्यांना आपण ३ वाटे म्हणत होतो, नंतर ९ वाटे म्हणू लागलो. माणसं तीच, वाटे मात्र बारीक केले. मग आधीच्या प्रमाणातही वाटे तेवढेच बारीक करू. ३ : २ म्हणजेच ९ : ६. आता दिसतं, की मुली ६ वाट्यांवरून ७ वाट्यांवर गेल्या. एक वाटा वाढला आणि प्रत्यक्षात तीन मुली वाढल्या. म्हणजे एक वाटा तीन जणांचा. मुलगे २७, मुली आधी १८ आणि नंतर २१. संपलं गणित.

'माणसं' आणि 'वाटे' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात आलं, त्या दिवसापासून हा इतिहास सुरू होतो. तो दिवस कोणता ते कोण सांगणार? पण फार जुनी एक नोंद इजिप्तमध्ये सापडते. तिथे इसवी सनापूर्वी सुमारे १५५० साली आह्मोस नावाच्या लेखनिकानं त्याहून जुन्या गणितांची एक नक्कल पपायरसवर उतरवली. १८५८ साली ऱ्हिंड नावाच्या स्कॉटिश माणसानं ती लक्सर गावी विकत घेतली आणि पुढे ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. तिच्यात एक गणित असं आहे : १०० भाकरी १० माणसांना वाटायच्या आहेत, पण त्यांतल्या तिघांना, म्हणजे नावाडी, मुकादम आणि द्वारपाल यांना, इतरांच्या दुप्पट द्यायच्या आहेत.

आह्मोसची युक्ती पाहा. दुप्पट घेणारे तिघे आहेत, तर तो गटात आणखी तीन माणसं धरतो. १० माणसांचे १३ वाटे होतात. १०० भाकरींना १३नं भागलं की एक वाटा निघतो, सात भाकरी आणि वर नऊ तेरांश. सात जणांना एकेक वाटा, तिघांना दोन-दोन. जी माणसं नाहीतच, ती कागदावर उभी केली आणि काम झाल्यावर पुसून टाकली. नावाड्याला दुप्पट का, हे आह्मोस विचारत नाही. ते आधीच कुणीतरी ठरवलेलं आहे. ही बाब लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या परंपरेत या सगळ्याचा पाया म्हणजे त्रैराशिक. तीन राशी माहीत असतात, चौथी काढायची असते. इ.स. ४९९च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त ही रीत आहे आणि प्रमाण, फल, इच्छा ही तिची नावंही आहेत. बाजारातल्या भाषेत सांगायचं तर इतक्याला इतकं, तर तितक्याला किती? पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती'त इथवर म्हटलं, की परमेश्वर जसा विश्वात भरून राहिला आहे, तसं त्रैराशिक सगळ्या गणितात भरून राहिलेलं आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. 'लीलावती' आणि 'बीजगणित' ज्या मोठ्या ग्रंथाचे भाग आहेत, तो 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथल्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०६-०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथे मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, त्याची ती नोंद. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढे आणला. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत. त्यांत काय असावं? बाजारातल्या कुठल्या व्यवहारातून मठाला किती भाग द्यायचा, ते. दानाची थोरवी देवभाषेत सांगितली आणि वाट्याची गोष्ट आली तेव्हा सगळ्यांना कळेल अशा बोलीत लिहिली.

'लीलावती'त तीन वाण्यांचं गणित आहे. एकाचं भांडवल ५१, दुसऱ्याचं ६८, तिसऱ्याचं ८५. तिघांनी मिळून व्यापार केला आणि हाती ३०० आले. कुणाचे किती? तिन्ही भांडवलांना १७नं भाग जातो, म्हणून प्रमाण झालं ३ : ४ : ५. एकूण वाटे १२, एक वाटा २५चा. म्हणजे ७५, १०० आणि १२५. भागीदारीत किती जण आहेत याला इथे महत्त्व नाही, वाटे किती आहेत याला आहे.

पण बदलत्या गटाचं खरं देखणं गणित त्यांच्या 'बीजगणिता'त आहे. दोन मित्र आहेत. पहिला म्हणतो, तू मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट श्रीमंत होईन. तर कुणाकडे किती?

इथे दोघांचीही रक्कम बदलते. मग बदललं काय नाही? दोघांची मिळून बेरीज. पैसा या खिशातून त्या खिशात गेला, बाहेर कुठे गेला नाही. पहिल्या प्रसंगी पहिल्याकडे बेरजेचे तीन भागांपैकी दोन. दुसऱ्या प्रसंगी त्याच्याकडे सात भागांपैकी एक. ३ आणि ७ यांना सामावणारा आकडा २१. बेरजेचे २१ वाटे धरले तर पहिल्याकडे एकदा १४ वाटे असतात आणि एकदा ३. फरक ११ वाट्यांचा. प्रत्यक्षात फरक किती? एकदा १०० मिळाले, एकदा १० गेले, म्हणजे ११०. तर एक वाटा १० रुपयांचा आणि सगळी रक्कम २१०. पहिल्याकडे ३ वाटे म्हणजे ३० उरतात ते १० देऊन झाल्यावर. म्हणून मुळात त्याच्याकडे ४० आणि दुसऱ्याकडे १७०. पडताळा तुम्ही करून पाहा. ग्रीक परंपरेत याच धर्तीचं एक कोडं युक्लिडच्या नावावर सांगतात. ओझं वाहणारं खेचर आणि गाढव आपसात बोलतात : तुझं एक पोतं मला दे म्हणजे माझं ओझं तुझ्या दुप्पट, माझं एक तू घे म्हणजे दोघांचं सारखं. उत्तर ७ आणि ५. तिथेही बेरीज १२ ची १२च राहते.

वयाच्या गणितात तिसरा प्रकार येतो. बाप आणि मुलगा यांच्या वयांचं प्रमाण आज ४ : १ आहे, सहा वर्षांनी ते ३ : १ होईल. दोघंही वाढले, बेरीजही वाढली. राहिला तो दोघांमधला फरक. बाप मुलापेक्षा जितक्या वर्षांनी मोठा असतो, तितक्याच वर्षांनी जन्मभर मोठा राहतो. आधी फरक ३ वाट्यांचा, नंतर २ वाट्यांचा. दोन्हीकडे ६ वाटे होतील असं करू : ८ : २ आणि ९ : ३. एक वाटा सहा वर्षांचा. बाप ४८ वर्षांचा, मुलगा १२ वर्षांचा.

आणि ज्याला आपण काळ-काम-वेग म्हणून भ्यायचो, तो चौथा प्रकार. १२ मजूर एक विहीर १० दिवसांत खणतात. चार दिवस काम झालं आणि चार मजूर गावी निघून गेले. उरलेल्या आठ जणांना किती दिवस लागतील? इथे बदलत नाही ते काम. सगळी विहीर म्हणजे १२० मजुरांची दिवसभराची मेहनत. ४८ झाली, ७२ उरली. आठ जणांना नऊ दिवस.

श्रोतेहो, इथपर्यंत आपण ज्या गणितांत होतो, त्यांत काही ना काही तरी स्थिर होतं : एक बाजू, बेरीज, फरक किंवा काम. पण कधी असंही होतं, की हक्कदार येत जातात, प्रत्येकाचा हक्क कायद्यानं बांधलेला असतो आणि सगळ्यांचे हक्क मिळून होणारी बेरीज मूळ मालमत्तेपेक्षाच मोठी होते. हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. सातव्या शतकात मदिनेत हा प्रश्न उभा राहिला.

इस्लामी वारसा कायद्यात काही नातेवाइकांचे भाग कुरआननं ठरवून दिलेले आहेत. मूल नसलेल्या पत्नीच्या मागे पतीला निम्मं. आई-वडील किंवा अपत्य नसेल तर दोन सख्ख्या बहिणींना मिळून दोन तृतीयांश. परंपरा सांगते, की हजरत उमर खलिफा असताना, म्हणजे ६३४ ते ६४४ या काळात, असं एक प्रकरण त्यांच्यापुढे आलं. बाई वारली, मागे पती आणि दोन बहिणी. निम्मं आणि दोन तृतीयांश यांची बेरीज करा. एकाहून एक षष्ठांश जास्त होते. समजा मालमत्ता ४२ हजारांची आहे. पतीचे २१ हजार, बहिणींचे २८ हजार. झाले ४९ हजार. सात हजार आणायचे कुठून?

उमरांनी सल्लामसलत केली आणि जो तोडगा निघाला त्याला 'औल' म्हणतात. मूळ वाटे सहा धरलेले होते, पतीचे तीन आणि बहिणींचे चार. मागणी सातची आहे, तर सहाच्या जागी सातच धरा. पतीला सातांपैकी तीन, म्हणजे १८ हजार. बहिणींना सातांपैकी चार, म्हणजे २४ हजार. बेरीज बरोबर ४२. पतीचं निम्मं आता निम्मं राहिलं नाही, बहिणींचे दोन तृतीयांशही राहिले नाहीत. पण पती आणि बहिणी यांच्यामधलं ३ : ४ हे नातं जसंच्या तसं राहिलं. तूट सगळ्यांनी आपापल्या वाट्याच्या मानानं सोसली.

मला या गोष्टीत सगळ्या विषयाचं मर्म दिसतं. निम्मं, पाव, तिसरा हिस्सा हे अपूर्णांक आहेत. ते प्रत्येकाचं नातं एकूण मालाशी जोडतात. गुणोत्तर हे माणसांचं नातं एकमेकांशी जोडतं. गट बदलला की अपूर्णांक कोलमडतात. गुणोत्तर टिकवता येतं.

असंच दुसरं प्रकरण हजरत अली यांच्या नावावर सांगितलं जातं. ते मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर, उभे असताना कुणीतरी विचारलं : माणूस वारला, मागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील. पत्नीचा भाग किती? पत्नीचा आठवा हिस्सा, मुलींचे मिळून दोन तृतीयांश, आई आणि वडील यांचा प्रत्येकी सहावा. २४ वाटे धरले तर ३, १६, ४ आणि ४. बेरीज २७. अलींनी बोलता बोलता सांगितलं, की तिचा आठवा हिस्सा आता नववा झाला. सत्तावीसांपैकी तीन म्हणजे नववाच. म्हणून या प्रकरणाला 'मिंबरिया' असं नावच पडलं.

पण हा तोडगा सगळ्यांना मान्य झाला नाही. इब्न अब्बास यांच्यासारख्या मोठ्या जाणकारानं त्याला विरोध केला. त्यांच्या मते काहींचे भाग अबाधित राहावेत आणि तूट ठरावीक वारसांनीच सोसावी. शिया कायदा आजही औल मानत नाही. तिथे अशा प्रसंगी तूट मुलींच्या किंवा बहिणींच्या भागातून जाते. आपल्या उदाहरणात पतीला पुरे २१ हजार मिळतील आणि दोन बहिणींना मिळून उरलेले २१ हजार. मालमत्ता तीच, वारस तेच, पण एका बहिणीला एका पद्धतीनं १२ हजार आणि दुसऱ्या पद्धतीनं साडेदहा हजार. भागाकार दोन्हीकडे अचूक आहे. फरक पडतो तो तूट कुणी सोसायची या निर्णयानं आणि तो निर्णय गणित घेत नाही.

भारतात १९३७च्या शरियत कायद्यान्वये मुसलमानांच्या वारशाचे हे हिशेब आजही होतात. मुंबईचे पारशी कायदेपंडित दिनशा मुल्ला यांनी १९०५ साली मुस्लिम कायद्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यातही औलाची उदाहरणं आकड्यांनिशी मांडलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी ती गणितं त्या पुस्तकातून केली. जुन्या पिढीतले जाणकार मौलवी वाटणीचा कागद लिहायला बसले, की आधी वर एक आकडा मांडत. सहा, बारा किंवा चोवीस. रुपये किती, जमीन किती, हे नंतर. आधी वाटे किती.

या हिशेबांनी नुसते तंटे मिटवले असं नाही, त्यांनी एका शास्त्रालाही बळ दिलं. खलिफा अल्-मामून (८१३ ते ८३३) याच्या काळात बगदादला अल्-ख्वारिझ्मी हा गणिती होऊन गेला. त्याच्या ज्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल्-जब्र' शब्दावरून अल्जिब्रा हे नाव जगभर गेलं, त्या ग्रंथाचा फार मोठा भाग मृत्युपत्रं आणि वारसा यांच्या गणितांनी भरलेला आहे. समीकरणं आकाशातून पडली नाहीत, ती घराघरांतल्या वाटण्यांवरही तासली गेली.

तुम्ही सतरा उंटांची गोष्ट ऐकली असेल. बापानं सांगून ठेवलं, थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. उंट १७. कुणी शहाणा आपला एक उंट आणून त्यांत मिळवतो. १८चे ९, ६ आणि २ वाटतो आणि आपला उंट घेऊन जातो. ही गोष्ट जादूसारखी वाटते, पण ती औलाचीच उलटी बाजू आहे. तिथे हिस्से एकाहून जास्त होत होते, इथे कमी पडतात. ९, ६ आणि २ यांची बेरीज १७च आहे. शहाण्यानं उंट आणला तो फक्त प्रमाण डोळ्यांना दिसावं म्हणून. आह्मोसनं कागदावर जी तीन माणसं उभी केली, त्यांचाच हा भाऊ.

आता या दोन धारा एकमेकींना कशा भेटल्या, ते पाहू. अकराव्या शतकातला अल्-बेरूनी संस्कृत शिकला, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यानं भारतीय त्रैराशिकावर एक स्वतंत्र अरबी पुस्तिका लिहिली, हे फारसं ठाऊक नसतं. तिच्या नावात 'राशीकात' असा शब्द आहे. आपल्या 'राशिक'चं हे अरबी अनेकवचन.

मग सोळावं शतक. अकबराच्या आज्ञेवरून १५८७ साली 'लीलावती'चा फारसी अनुवाद झाला. कुणी केला? कुणा ज्योतिष्यानं नाही. फैजीनं, एका कवीनं. पुढच्याच वर्षी अकबरानं त्याला मलिकुश्शुअरा, म्हणजे कवींचा राजा, हा किताब दिला. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकून चुकला, ही जी हळवी कथा आपण ऐकत आलो, ती आपल्याला फैजीच्या या अनुवादातून मिळाली. १५९१ साली अकबरानं त्याला वकील म्हणून खानदेश आणि निजामशाही अहमदनगरच्या दरबारांत धाडलं. पाटणचा तो शिलालेख खानदेशातच आहे. फैजीला त्याची खबर असण्याचं कारण नव्हतं, पण ज्या ग्रंथाला त्यानं फारसी पोशाख चढवला, त्या ग्रंथाच्या माहेरच्या मुलखात तो येऊन गेला.

'बीजगणिता'चा फारसी अनुवाद १६३४-३५ साली शहाजहानसाठी अताउल्ला रुश्दी यानं केला. त्याचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ताजमहालाचे शिल्पकार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते. १८१३ साली एडवर्ड स्ट्रेची यानं 'बीजगणित' इंग्रजीत नेलं ते या फारसीवरून. 'लीलावती'चा जॉन टेलरचा इंग्रजी अनुवाद १८१६ साली मुंबईत छापला गेला. आणि १८१७ साली कोलब्रुकनं दोन्ही ग्रंथ थेट संस्कृतातून इंग्रजीत आणले.

हा प्रवास पुस्तकांत राहिला असता तर मी त्याचं एवढं कौतुक केलं नसतं. तो आपल्या जिभेवर आहे. मराठीत आपण गणिताला 'त्रैराशिक', 'प्रमाण', 'गुणोत्तर' म्हणतो, हे संस्कृत. पण वाटणी करायला बसलो की 'हिस्सा' म्हणतो, 'हिशेब' म्हणतो, 'वारस', 'जमा', 'रक्कम' म्हणतो, हे अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आलेले. 'वजाबाकी'तला 'वजा'ही अरबी आणि 'बाकी'ही. ज्या पोरानं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली, त्यानं दोन्ही घरचं मीठ एकाच पाटीवर खाल्लं. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ही पाटी फार जवळची वाटते.

आता नावाड्याच्या दुप्पट भाकरीकडे परत येतो. त्याला दुप्पट का, हे आह्मोसनं विचारलं नव्हतं. गणित प्रमाण पाळतं, प्रमाण ठरवतं ते माणूस. इस्लामी वारशात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, यावर आज चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. हिंदू एकत्र कुटुंबात तर मुलीचा वाटा फार काळ धरलाच जात नव्हता. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना मुलांच्या बरोबरीनं वडिलोपार्जित मालमत्तेत आणलं. २००५ साली देशभरच्या कायद्यात सगळ्याच मुली आल्या. वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानंच आहे, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

हे बदलत्या गटाचंच गणित आहे. सोपं राहावं म्हणून बाकीचे हक्कदार बाजूला ठेवू. बाप आणि दोन मुलगे, १२ एकर जमीन. तीन वाटे, प्रत्येकी चार एकर. आता मुलगी आली. चार वाटे, प्रत्येकी तीन एकर. भाऊ म्हणतो, माझा एक एकर गेला. त्याचं म्हणणं वजाबाकीच्या नजरेनं खरं आहे. पण वाट्यांच्या नजरेनं पाहिलं तर भाऊ आणि भाऊ यांच्यात काही बदललं नाही, बाप आणि मुलगा यांच्यात काही बदललं नाही. सगळ्यांनी सारख्या मानानं सरकून घेतलं आणि जी घरातच होती ती मोजणीत आली. आह्मोसनं नसलेली माणसं गटात धरून न्याय केला होता. आपण असलेलं माणूस गटाबाहेर ठेवून हिशेब बरोबर आल्याचं समाधान मानत होतो.

आपल्याकडे अवेळी पाहुणे आले की आमटीत पाणी वाढवतात. डाळ तेवढीच, माणसं जास्त. मुलांना हे गणित स्वयंपाकघरातच शिकवता येईल. दोन वाट्या पाणी वाढवलं तर डाळीचं आणि पाण्याचं प्रमाण काय झालं? काय बदललं, काय बदललं नाही? 'क्ष' नंतर येऊ द्या. त्याची घाई नाही. मुलाला आधी हे दिसू दे, की वाटे बारीक करता येतात, मोठे करता येतात, आणि त्यामुळे एकाही माणसाचं काही जात नाही.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. एका मोहल्ल्याच्या पंगतीत मोठी माणसं आणि मुलं यांचं प्रमाण ५ : ३ होतं. ऐन वेळी दहा मुलं धावत आली आणि प्रमाण ५ : ४ झालं. भात किती जणांचा शिजवायला हवा होता? मोठी माणसं होती तेवढीच आहेत, एवढं लक्षात ठेवा. एक वाटा दहाचा निघेल. आधी ८० जण होते, आता ९० आहेत. आणि भात ८० जणांचा शिजलेला असेल तर प्रत्येकानं आपल्या पानातला नववा हिस्सा सोडायचा, म्हणजे त्या दहा पोरांची पानंही इतरांच्या बरोबरीनं भरतील.